शिष्यवृत्तीचा अर्ज : आधी घरची तेरीज जुळवावी

दिवसाअखेर रोजमेळात दहा रुपयांचा फरक आला, तर तो सापडेपर्यंत दुकानाचे शटर न ओढणारी माणसे आपल्या समाजात घरोघरी आहेत. माझे वडील त्यांपैकीच होते. फरक दहाचा असो वा दहा हजारांचा, तो कोठे राहिला हे कळलेच पाहिजे, असा त्यांचा दंडक होता. पुढे बँकेच्या नोकरीत हाच दंडक मला जन्मभर उपयोगी पडला. निवृत्तीनंतर मात्र परिचित मंडळी मुलामुलींच्या शिष्यवृत्तीचे आणि शैक्षणिक कर्जाचे अर्ज घेऊन माझ्याकडे येऊ लागली, तेव्हा एका गोष्टीचे नवल वाटू लागले. हीच हिशेबी माणसे मुलांच्या शिक्षणाचा अर्ज शेवटच्या दिवशी, सायबर कॅफेतल्या मुलाच्या हाती कागद सोपवून, दहा मिनिटांत उरकून टाकतात. लाख-दीड लाखाच्या साहाय्याचा प्रश्न ज्या कागदावर अवलंबून असतो, त्याच्या वाट्याला दहा रुपयांच्या फरकाइतकेही लक्ष येत नाही.

या लेखात अर्जातील कोणते रकाने आपल्या व्यापारी कुटुंबांत हमखास चुकतात आणि ते अचूक कसे भरावेत, हे सांगण्याचा प्रयत्न आहे. योजनांच्या अटी शासन निर्णयांनुसार बदलत असतात, म्हणून त्या त्या वर्षीचे पत्रक प्रत्येकाने पाहावेच. परंतु अर्ज भरण्याची शिस्त बदलत नाही.

करातून सूट, घरखर्चातून नव्हे

आरंभ माझ्याच चुकीपासून करतो.

मी नोकरीत असतानाची गोष्ट. माझ्या धाकट्या भावाच्या मुलीला औषधनिर्माणशास्त्राच्या पदवीला प्रवेश मिळाला होता. भाऊ कापडाच्या दुकानात चुलतभावाबरोबर भागीदार. दोन वर्षे धंदा मंदावलेला, घरात आईचे आजारपण. समाजाच्या एका विश्वस्त संस्थेकडे कर्जरूप शिष्यवृत्तीसाठी अर्ज करायचे ठरले. भाऊ म्हणाला, "दादा, तुम्ही बँकेतले, तुम्हीच भरा." मी त्याचे आयकर विवरणपत्र समोर घेतले, शेवटच्या ओळीतील करपात्र उत्पन्नाचा आकडा पाहिला आणि 'कुटुंबाचे एकूण वार्षिक उत्पन्न' या रकान्यात तोच उतरवला. पाच मिनिटांचे काम.

मुलाखतीला भाऊ, पुतणी आणि मी असे तिघे गेलो. संस्थेचे चिटणीस वयोवृद्ध, स्वतः आयुष्यभर पेढी सांभाळलेले. त्यांनी विवरणपत्राची पाने उलटली आणि शांतपणे विचारले, "भागीदारीतल्या नफ्याचा हिस्सा अर्जात कोठे दिसतो?"

मी अधिकाऱ्याच्या ऐटीत उत्तर दिले, "तो भागीदाराच्या हाती करमुक्त असतो."

ते म्हणाले, "करातून सूट आहे, साहेब. घरखर्चातून सूट आहे का?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते. ते रागावले नाहीत. अर्ज परत करून म्हणाले, "नीट भरून आणा, समिती विचार करील." परतीच्या वाटेवर पुतणी बराच वेळ गप्प होती. घराजवळ आल्यावर तिने विचारले, "काका, मग आपण खोटे लिहिले होते का?" खोटे लिहिण्याचा हेतू नव्हता, हे मी तिला सांगितले. परंतु वाणिज्य शाखेचा पदव्युत्तर पदवीधर आणि बँकेचा अधिकारी असलेल्या माणसाला एकूण उत्पन्न व करपात्र उत्पन्न यांतला भेद ठाऊक नव्हता, असे म्हणण्याची सोय नव्हती. ठाऊक होता, मी लक्ष दिले नाही, आणि लक्ष न देणे आपल्याच सोयीचे होते.

आम्ही अर्ज नव्याने भरला. नफ्याचा हिस्सा लिहिला, आईच्या औषधोपचाराचा खर्चही वेगळ्या पत्रात मांडला. अपेक्षेपेक्षा थोडी कमी रक्कम मंजूर झाली, तीही कर्जाऊ. पुतणीने शिक्षण पूर्ण केले आणि नोकरी लागल्यावर ती रक्कम हप्त्याहप्त्याने फेडली. त्या दिवसापासून मी कोणाचाही अर्ज विवरणपत्राच्या शेवटच्या ओळीवरून भरत नाही.

उलाढाल, नफा, करपात्र उत्पन्न आणि घरात येणारे उत्पन्न

या चार आकड्यांची गल्लत हे व्यापारी कुटुंबांच्या अर्जांतील दोषांचे मूळ होय. नोकरदाराचे काम सोपे असते. त्याच्या हाती फॉर्म 16 असतो. आपले उत्पन्न अनेक वाटांनी येते.

पहिली चूक उलट्या दिशेची. एका किराणा व्यापाऱ्याने अगदी प्रामाणिकपणे उत्पन्नाच्या रकान्यात 40 लाख रुपये लिहिले होते. ती त्यांची वर्षाची उलाढाल होती. ते आयकर कायद्याच्या कलम 44 एडीखाली अनुमानित उत्पन्न दाखवीत असत. त्यात रोख विक्रीवर किमान 8 टक्के आणि बँकेमार्फत किंवा डिजिटल मार्गाने आलेल्या विक्रीवर किमान 6 टक्के नफा धरला जातो. सगळी विक्री रोख मानली, तरी 40 लाखांवर उत्पन्न 3 लाख 20 हजार होते. मर्यादेच्या कितीतरी आत असलेले कुटुंब एका आकड्याने अपात्र ठरले, आणि चूक ध्यानात येईपर्यंत मुदत संपली होती.

दुसरी चूक माझ्यासारखी. ती आकड्यांनीच पाहू. समजा, दोन भावांची भुसार मालाची भागीदारी आहे. थोरल्यास वर्षाला मेहनताना 3,00,000 रुपये आणि भांडवलावरील व्याज 60,000 रुपये मिळते. बँकेतील ठेवींचे व्याज 20,000 रुपये. विवरणपत्रात एकूण उत्पन्न झाले 3,80,000 रुपये. त्यातून आयुर्विमा, भविष्य निर्वाह निधी आदींची 1,20,000 रुपयांची वजावट घेतली की करपात्र उत्पन्न उरते 2,60,000 रुपये. परंतु भागीदारी संस्थेने आपला कर भरल्यावर नफ्याचा जो 2,40,000 रुपयांचा हिस्सा थोरल्याच्या खात्यात जमा झाला, तो त्याच्या हाती करमुक्त असतो. विवरणपत्रात भागीदारी संस्थांच्या माहितीचा वेगळा तक्ता असतो, तेथे तो दिसतो. शेवटच्या ओळीत दिसत नाही. शिवाय पत्नीच्या ठेवींचे व्याज आणि शिकवण्यांचे मिळून 70,000 रुपये. म्हणजे घरात खरोखर आले 3,80,000 अधिक 2,40,000 अधिक 70,000, एकूण 6,90,000 रुपये.

आता पाहा. अर्जात 2,60,000 लिहिले, तर साडेचार लाखांची मर्यादा असलेल्या लाभासाठी हे कुटुंब पात्र दिसेल. वास्तविक ते तेथे बसत नाही. उलट 6,90,000 हा खरा आकडा लिहिला, तरी आठ लाखांची मर्यादा असलेल्या योजनांत ते सरळ बसते. खोटेपणाची गरजच नव्हती. माझ्या पाहण्यातील बहुतेक कुटुंबांची हीच स्थिती होती: खरा आकडाही त्यांना कोठे ना कोठे पात्र ठरवीत होता, फक्त कोणी बेरीज करून पाहिली नव्हती.

हिंदू अविभक्त कुटुंबाचे वेगळे पॅन कार्ड असेल, तर त्याचे उत्पन्नही विचारात घ्यावे लागते. गावाकडची शेती असेल, तर शेतीचे उत्पन्न करमुक्त असले तरी उत्पन्नच असते. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाच्या प्रमाणपत्राच्या नियमांत तर पगार, शेती, व्यवसाय अशा सर्व मार्गांनी आलेले आधीच्या आर्थिक वर्षाचे उत्पन्न, असे स्पष्टच म्हटले आहे. 'सर्व मार्गांनी' हे शब्द अर्जात दिसले, की लेखणी थांबवून घरच्या सगळ्या खात्यांची तेरीज मांडावी.

तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, विवरणपत्र आणि अर्ज या तिन्ही ठिकाणचे आकडे परस्परांशी जुळावेत. करमुक्त उत्पन्नामुळे ते भिन्न येत असतील, तर भेद कशामुळे आहे हे एका साध्या कागदावर लिहून जोडावे. दाखला कोणत्या आर्थिक वर्षाचा हवा, हे आधी पाहावे. प्रवेशाच्या हंगामात सेतू केंद्रांत गर्दी असते. दाखला मे महिन्यातच काढून ठेवणारा पालक जुलैत निश्चिंत असतो.

नावांचा मेळ

आकड्यांनंतर नावे. आपल्याकडे आजोबा गावाच्या नावाने ओळखले जातात, वडील शहा लिहितात, आधार कार्डावर शाह होते आणि मुलाच्या दाखल्यावर आडनावाच्या जागी जैन असते. घरच्यांना यात काही वावगे वाटत नाही; संगणकाला मात्र ती चार वेगळी माणसे वाटतात. दहावीचे प्रमाणपत्र, आधार, बँकेचे पासबुक आणि अर्ज या चारही ठिकाणी नाव अक्षरशः एक असावे. दहावीच्या प्रमाणपत्रावरील नाव बदलणे सर्वांत कठीण, म्हणून शक्यतो तेच प्रमाण मानून बाकीची कागदपत्रे त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्यावीत.

धर्माच्या रकान्याकडेही लक्ष हवे. केंद्र शासनाने 27 जानेवारी 2014 रोजी जैन समाजास अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित केले. तरीही कित्येक मुलांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'हिंदू जैन' अशी नोंद आढळते. अल्पसंख्याकांच्या राखीव जागेवर प्रवेश किंवा त्या योजनेचा लाभ मागताना ही नोंद आड येते. मूल शाळेत असतानाच ती पाहावी. शाळा सोडल्यावर दुरुस्तीचा मार्ग लांबचा होतो. अल्पसंख्याक असणे आणि मागास प्रवर्गात असणे या दोन भिन्न बाबी आहेत, हेही लक्षात ठेवावे. धर्माच्या रकान्यात धर्म आणि प्रवर्गाच्या रकान्यात ज्याचे प्रमाणपत्र हाती आहे तोच प्रवर्ग लिहावा.

कोणती योजना, कोणती अट

राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना आपल्या मध्यमवर्गीय व्यापारी कुटुंबांना सर्वाधिक उपयोगी आहे. कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा आठ लाख रुपये आणि अर्ज महाडीबीटी या शासकीय संकेतस्थळावर. व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्काचा निम्मा भार शासन उचलते. 2024-25 पासून ठरावीक प्रवर्गांतील पात्र मुलींसाठी तो पूर्णच उचलला जातो. आपली मुलगी त्यात बसते का, हे महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती विभागात विचारावे. मात्र व्यावसायिक अभ्यासक्रमाचा प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून झालेला असावा लागतो. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेताना हा लाभ जातो, ही गोष्ट पुष्कळ पालकांना पैसे भरल्यावर कळते. एका कुटुंबातील दोनच अपत्यांना लाभ मिळतो. म्हणून अपत्यांचा क्रम विचारणारा रकाना नीट वाचून भरावा.

शैक्षणिक कर्जाच्या व्याजासाठी केंद्राची एक योजना 2009 पासून आहे. तिच्यात कौटुंबिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असल्यास शिक्षणकाळातील व अधिस्थगन काळातील व्याज शासन भरते. नोव्हेंबर 2024 मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांतील विद्यार्थ्यांना तारण व जामीनदार यांवाचून कर्ज मिळते. उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल, तर 10 लाखांपर्यंतच्या कर्जावर त्या काळात व्याजात 3 टक्के सवलत आहे. दुसऱ्या शासकीय शिष्यवृत्तीस किंवा व्याज सवलतीस पात्र असणाऱ्यास ही सवलत घेता येत नाही. 'अन्य कोणता लाभ घेत आहात काय?' हा रकाना म्हणूनच असतो. तो कोरा सोडू नये.

कर्जाच्या अर्जातील विसरलेली जामीनकी

बँकेत कर्जाचे अर्ज तपासताना एक उणीव मला वारंवार दिसे. 'अन्य देणी व जामीनकी' या रकान्यात व्यापारी पालक 'निरंक' लिहीत. दुकानाचे कॅश क्रेडिट हे त्यांना कर्ज वाटतच नसे, आणि मित्राला पतसंस्थेत जामीन राहिल्याचे त्यांना आठवतही नसे. सिबिलच्या अहवालात मात्र कॅश क्रेडिट दिसते, बँका आणि अनेक संस्थांतील जामीनकीही दिसते. लपवलेले देणे आणि विसरलेले देणे यांतला भेद अधिकाऱ्याला कळण्याचे साधन नसते. मी कित्येकदा पालकांना बोलावून अर्ज दुरुस्त करून घेतला. परंतु प्रत्येक टेबलावर तेवढी सवड असतेच असे नाही.

खर्चाचा अंदाजही पूर्ण मांडावा. शुल्काबरोबर वसतिगृह, खानावळ, पुस्तके, संगणक, प्रवास असा सर्व वर्षांचा हिशेब पहिल्याच अर्जात द्यावा. संकोचाने कमी रक्कम मागितली, की तिसऱ्या वर्षी पुन्हा बँकेच्या पायऱ्या चढाव्या लागतात. सर्वसाधारणपणे चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला स्वतःचा हिस्सा भरावा लागत नाही आणि साडेसात लाखांपर्यंत तारण मागितले जात नाही. कर्ज किती वर्षांनी, कसे फेडणार हे मुलामुलींनाही समजावून सांगावे. कर्जदार तेच असतात.

पैसे नेमके कोणत्या खात्यात येतात?

शिष्यवृत्ती मंजूर झाली आणि रक्कम आली नाही, ही तक्रार फार मोठी. थेट लाभाची रक्कम बहुधा आधारशी जोडलेल्या खात्यात जाते. एका आधार क्रमांकाला अशा लाभासाठी एका वेळी एकच खाते जोडलेले असते आणि शेवटी जोडलेले खाते गृहीत धरले जाते. विद्यार्थ्याने अर्जात एका बँकेचा क्रमांक लिहिला आणि मधल्या काळात दुसऱ्या बँकेत खाते उघडताना तेथे आधार जोडला, तर पैसे दुसरीकडे जातात. केवळ ओळखीसाठी आधारची प्रत देणे आणि लाभासाठी आधार जोडणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. शाखेत जाऊन 'डीबीटीसाठी आधार जोडले आहे काय?' असे स्पष्ट विचारावे.

लहानपणी उघडलेले खाते अठरा वर्षे पूर्ण होताच नव्या सहीने व कागदपत्रांनी चालू करून घ्यावे लागते. दोन वर्षे व्यवहार नसलेले खाते निष्क्रिय होते. अर्ज भरण्यापूर्वी खात्यात शंभर रुपये भरून आणि काढून पाहावेत.

सही करण्यापूर्वी

अर्ज भरून झाल्यावर एक दिवस तो तसाच ठेवावा. दुसऱ्या दिवशी मुलाने रकाने मोठ्याने वाचावेत आणि वडिलांनी मूळ कागदावर बोट ठेवून ताळा घ्यावा. मग अर्ज सादर करावा, पावती छापून फाईलला लावावी आणि अर्ज महाविद्यालयाने पुढे पाठवला की त्रुटीसाठी परत केला, हे दर आठवड्याला पाहावे. परत आलेला अर्ज संकेतस्थळावर तसाच पडून राहतो आणि विद्यार्थी रकमेची वाट पाहत राहतो, असे अनेकदा घडते. सादर केल्यानंतर चूक ध्यानात आली, तर लेखी कळवावे. स्वतःहून दिलेली दुरुस्ती कोणी अपराध मानत नाही. पडताळणीत उघड झालेली चूक मात्र रकमेची वसुली, पुढील लाभ बंद होणे आणि प्रसंगी फौजदारी कारवाई इथपर्यंत जाऊ शकते.

काही घरांत वेगळाच अडथळा असतो. "आपण देणारी माणसे, हात कसा पसरायचा?" असे म्हणून पालक अर्जच करीत नाहीत आणि मुलीचा अभ्यासक्रम बदलून टाकतात. कुंभोजच्या जैन कुटुंबात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 'कमवा आणि शिका' हा मार्ग घालून दिला. मुंबईत 1915 मध्ये सुरू झालेल्या महावीर जैन विद्यालयाच्या आधाराने कितीतरी मुले शिकली. मदत घेऊन शिकावे आणि सामर्थ्य आल्यावर पुढच्याला हात द्यावा, ही रीत आपल्याच पूर्वजांनी घातली आहे. गरज असताना खरा अर्ज करण्यात कमीपणा नाही.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्याणुव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत 'कूटलेखक्रिया' आहे. खोटा लेख करणे, असा तिचा अर्थ. ते व्रत श्रावकासाठी, म्हणजे पेढीवर बसणाऱ्या गृहस्थासाठी सांगितलेले आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज हा बहुधा आपल्या मुलाने स्वतःच्या सहीने केलेला पहिला लेख असतो. त्या सहीच्या वरचे आकडे आपण पुरवलेले असतात.

पुतणी आज एका औषध कंपनीत जबाबदारीच्या पदावर आहे. ज्या संस्थेने अर्ज परत केला होता, तिच्या शिष्यवृत्ती समितीवर गेल्या वर्षी तिला घेतले. अर्ज वाचताना ती काय पाहते, असे मी सहज विचारले. ती म्हणाली, "काका, आधी भागीदारीचा तक्ता."